कान्हू फिटरचा जोडतारा

…तर बांधावरच्या चुन्याच्या त्या तीन खुणा रघूने पायाने पुसल्या, आणि दुसऱ्या संध्याकाळी त्या पुन्हा तिथेच उमटल्या, इथवर काल आलो होतो. आता पुढचं ऐका, कारण खरी गंमत पुढेच आहे.

रघू पेणच्या खाडीकाठचा, खारजमिनीत भात लावणारा. त्या गावाने मोजणीवाले एकदा अनुभवले होते. आधी तिपाई येते, मग चुना पडतो, मग कागद येतो, आणि कागद आला की आजाने खारं पाणी अडवून पिकवलेलं शेत कुणा कंपनीचं होतं. त्यामुळे तिपाई आणि चुना एकत्र दिसले की तिथली आंधळी म्हातारीसुद्धा ताठ बसते. पण या वेळी तिपाई लावणारा होता खुद्द रघूचा व्याही, रोह्याजवळच्या वरश्याचा कान्हू. रघूची लेक नमिता त्याच्या घरात दिलेली. आता व्याह्याला तोंडावर कसं विचारायचं, की अहो, आमचीच जमीन मोजून देताय काय?

कान्हू म्हणजे रोह्याच्या कंपनीत तीस वर्षं शिफ्ट काढलेला फिटर. निवृत्त झाल्यावर लोक देवदेव करतात, याने काच घासायला घेतली. सहा महिने ओटीवर बसून आरसा घासला, पाण्याच्या जाड पाइपात बसवला, झाली दुर्बीण. एवढं घासणं कधी भांड्यांना लागलं नाही, हे त्याची बायको मैना येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. पण वरश्यात आता इमारती, जिकडेतिकडे दिवे. अंधार हवा म्हणून स्वारी दर अमावस्येला जिलेबीचा पुडा घेऊन व्याह्याकडे हजर. रघूला तेही खटकलं. सरळ माणूस चांगले दिवस सोडून अमावस्या गाठून पाहुणा कशाला येईल?

या खेपेला चार संध्याकाळ रघू खाडीतल्या तिवरांच्या झुडपांआड चिखलात दबून बसला. कान्हू नळकांड्याला डोळा लावायचा, वहीत आकडा लिहायचा, परत डोळा लावायचा. रघूची बायको इंदुबाई म्हणाली, चिखलात बसण्यापेक्षा जिलेबी खाताना विचारा की. पण जिलेबी तोंडात असताना तर त्याला मुळीच विचारवेना. पाचव्या दिवशी गावाने मात्र त्याला बजावलं, उद्या सकाळी काय ते सांग. मोजणी असेल तर व्याह्याला गावबंदी, मग लेकीचं माहेर तुटलं तरी इलाज नाही.

त्याच संध्याकाळी रघू आडोशातून बाहेर आला आणि जरा बघू म्हणाला. कान्हू खूश होऊन बाजूला सरला. आत दिसला एक बारीक तांबूस ठिपका, बस.

कान्हूने सांगितलं, हे दोघे आहेत. थोरला म्हातारा झालेला, फुगून तांबडा पडलेला. धाकटा त्याच्याभोवती फिरतो, पण वेगळा दिसत नाही. तीन-साडेतीन वर्षांनी तो थोरल्याच्या मागे जातो आणि उजेड किंचित उतरतो. तेच दिवस चालू होते. शेजारच्या ताऱ्यांशी उजेड ताडून रोज आकडा लिहायचा. चुना एवढ्यासाठीच, की तिपाई रोज त्याच जागी बसली म्हणजे इतका अंधुक तारा धुंडाळण्यात वेळ जात नाही.

रघूचा संशय उतरायचा तो चढलाच. दोन म्हणतो आणि दाखवतो एक. जमिनीचे दलाल याहून वेगळं काय बोलतात? शेवटी नातं बाजूला ठेवून त्याने विचारलंच, “व्याही, जो दिसत नाय तो हाय, हे तुमाला कळतं कसं? आणि उद्या गावाला मी काय सांगू?”

कान्हूचा डोळा तोवर परत दुर्बिणीला लागला होता. तो न काढताच म्हणाला, “चार संध्याकाळ तुमी तिवरांत बसलात, मी एकदा तरी मागं वळलो? रातकिडे गप झाले की समजायचो, व्याही आले. हा पण तसाच कळतो. आणि गावाला सांगा, चोरून जमीन मोजायला आलो असतो, तर पयल्याच दिवशी मागं वळून बघितलं असतं.”