फ्यूजच्या जागी तार

माझा भाऊ गाडीत जळून गेला. हे वाक्य मी मुद्दाम असं उघडं लिहिते, कारण आमच्या गावात ते कुणी उघडं बोलत नाही. ‘तसं झालं’ म्हणतात, ‘वेळ आलती’ म्हणतात. दहाव्याला एका पाहुण्यानं कपाळावरून बोट फिरवून, सगळं लिहिलेलं असतं, असं मला समजावलं. मी बीडला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. दादाच्या गाडीबद्दल जे लिहिलेलं होतं ते त्याच्या कपाळावर नव्हतं, गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात होतं. ते पुस्तक गाडीच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत तसंच पडून होतं आणि तसंच जळालं. मी नंतर त्याची दुसरी प्रत मिळवून वाचली. फ्यूज उडाला तर तेवढ्याच क्षमतेचा फ्यूज बसवावा, त्या जागी तार घालू नये, हे त्यात स्वच्छ मराठीत आहे. चौकटीत आहे.

चौसाळ्याच्या पुढे, हायवेवर, भर दुपारी हे झालं. चहाच्या टपरीवरच्या लोकांनी आधी धूर पाहिला. काचा बटणाच्या, दारांची कुलपं बटणाची. वायरिंग जळाल्यावर काहीच उघडेना. लोक दगड घेऊन धावले, पण उशीर झाला होता.

त्या आठवड्यात गावातल्या सगळ्या गाड्यांना नवी लिंबू-मिरची लागली. एकाही गाडीच्या फ्यूजपेटीचं झाकण कुणी उघडलं नाही.

ही तार आमच्याकडे गाडीत आली ती रानातून. रानात वीज येते काही तास. तेवढ्यात विहिरीवरच्या मोटारीचा फ्यूज उडाला तर पिकाचं पाणी राहिलं. म्हणून पेटीत बारीक तारेऐवजी जाड तार घालायची, शेजारच्यानं दोन पदर घातले तर आपण चार घालायचे. दादाला त्याचा अभिमान होता. “माझ्या पेटीतला फ्यूज जन्मात उडायचा न्हाई,” असं तो पारावर सांगायचा आणि लोक मान डोलवायचे. फ्यूज उडाला म्हणजे फ्यूज वाईट, एवढाच त्याचा हिशोब. मोटार जळाली की कंपनीला शिव्या. फ्यूज हा सगळ्यांच्या आधी जळायलाच ठेवलेला असतो, त्याच्यामागचं काही जळू नये म्हणून, हे मी त्याला एकदा सांगितलं होतं. तो हसला. “तू पुस्तकं सांभाळ,” म्हणाला.

निवडणुकीच्या दिवसांत त्यानं गाडीवर लाइटांची पट्टी बसवली, आत भोंग्याचा अँप्लिफायर बसवला. फ्यूज उडायला लागला. हे मला कसं कळलं? तेराव्याला, मांडवात, वायरिंगचं काम करणाऱ्या माणसानं चहाची बशी फुंकत स्वतःच सांगितलं.

“दादाच म्हणले, टाक बे तार, सभेला जायचंय. मंग टाकली. लई दिवस चालली बी.”

चालली बी! त्याच्या आवाजात काही नव्हतं. पंगतीत कुणी चमकलं नाही. एकानं जिलेबी मागितली. मी उठून आत गेले, कारण तिथं बसले असते तर त्याच्या हातातली बशी हिसकावून फेकली असती. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून माझा अर्धा राग त्या माणसावर आहे आणि अर्धा दादावर. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावते. रोज.

एवढं होऊनही तार परत आमच्या दारात आली.

वहिनी माहेरी, धारूरला, निघाली होती. दादा गेल्यानंतर पहिल्यांदाच. भावाच्या मुलाचं बारसं होतं. माझा चुलतभाऊ, माझ्याहून लहान, त्यानं नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती. “वैनीला मी सोडतो, पोरांस्नी घेऊन मानानं जाऊ,” म्हणाला. मीही सोबत निघणार होते. पिशव्या मागे ठेवल्या, दोन्ही पोरं मागच्या सीटवर चढली, वहिनी दारात उभी. चुलतभावानं चावी फिरवली, गाणं लागलं, आणि लगेच बंद पडलं.

“गेला वाटतं फ्यूज,” तो म्हणाला. खाली वाकला, स्टेअरिंगखालचं झाकण काढलं, खिशातून सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढली आणि उडालेल्या फ्यूजला गुंडाळायला लागला. शिटी वाजवत.

“काय करतोस?”

“काय न्हाई आक्का. दोन मिनटं.”

“ते काढ.”

“आगं, सगळेच करतेत. धारूरला गेल्यावर बघू नवा.”

“पोरं खाली उतरव.”

“कावून? काय झालं?”

काय झालं! त्यानं खरंच विचारलं. दादाला खांदा दिलेल्या माणसानं.

मी बॉनेट उघडलं. माझा आवाज चढत नाही, कधीच चढला नाही. हातातल्या पाटल्या काढून वहिनीकडे दिल्या. बॅटरीजवळ धातू घालून हात नेऊ नये, हेही त्या पुस्तकात होतं. डिकीतल्या पान्यांतून मापाचा पाना घेतला, आधी ऋण टोकाचा नट सैल केला आणि केबल बाजूला केली. गल्लीतले दोघे-तिघे गोळा झाले.

“आक्कानं ग्यारेज टाकलं का काय?” एकानं विचारलं.

“लायब्रीत शिकवतेत आता,” दुसरा म्हणाला.

मी चुलतभावाला म्हणाले, “गाण्याची वायर कुठून नेलीस ते दाखव.”

“आता काय शोधायचं? चांगली हाय वायर.”

“चांगली असती तर फ्यूज उडाला नसता.”

मी स्वतः पायाखालची चटई उचलली. वायर ड्रायव्हरच्या सीटच्या लोखंडी पट्टीखालून नेली होती. सीट मागेपुढे सरकताना तिचं प्लास्टिक सोललं होतं आणि तांबं पट्टीला टेकत होतं. चटईच्या खालच्या बाजूला तळहाताएवढा भाग करपून काळा झाला होता. म्हणजे हे आजचं नव्हतं.

मी चटई त्याच्यासमोर धरली. तो बघत राहिला. मला वाटलं, आता याला कळलं.

“चिकटपट्टी लावतो की,” तो म्हणाला. “त्यात काय येवढं?”

मी चटई जमिनीवर आपटली. पोरं दचकली.

“आक्का, तू लई मनाला लावून घेतलंस. दादाची वेळ आलती म्हणून गेला. उगं गाडीला कावून दोष?”

तेव्हा वहिनी पुढे आली. दादा गेल्यापासून ती चार माणसांत बोलली नव्हती. तिनं मागच्या सीटवरून पोरांना उतरवलं, पिशव्या काढल्या.

“वन्सं, चला. आपण यष्टीनं जाऊ.”

“वैनी, असं नका करू,” चुलतभाऊ म्हणाला. “दारात गाडी असताना यष्टीनं? लोक काय म्हणतील मला?”

“लोक तेराव्याला आलते,” वहिनी म्हणाली. “जेवले आन गेले.”

माझ्या पाटल्या तिनं स्वतः माझ्या हातात घातल्या आणि थोरल्याचं बोट धरून चालायला लागली. मी धाकट्याला घेतलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “बायकांच्या नादी लागलं की असंच.”

बीडला गाडी बदलली. धारूरच्या अलीकडे घाट लागला तेव्हा पोरांनी खिडकीशी जागा धरली होती. वळणावर मागून ओळखीचा हॉर्न वाजला. चुलतभावाची गाडी, पुन्हा जोडलेली. काचा खाली, गाणं मोठ्यानं. त्यानं यष्टीला मागे टाकताना हात बाहेर काढून पोरांना टाटा केला. पोरांनीही केला, त्यांचा काका होता तो.

म्हणजे चिकटपट्टी. किंवा तीही नाही. आमच्यासमोर वाजवून दाखवायला निघाला होता.

मी समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरला. वहिनीनं पदर तोंडाला लावला होता आणि ती पोरांकडे नाही, पुढं निघालेल्या त्या गाडीकडे बघत होती. मीही तिकडंच बघत होते. वळणामागून वळण गेलं. गाडी दिसायची, दडायची, पुन्हा दिसायची. धूर नव्हता.

राग असा होता की त्या माणसाचं तोंड पाहू नये वाटत होतं, आणि तरी प्रत्येक वळणावर ती गाडी परत दिसेपर्यंत श्वास सुटत नव्हता.