संचालकांचा फ्यूज

वायरमनला शॉक बसला तो माझ्यामुळं. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या वेळी ते सांगायला मला सहा दिवस लागले.

शुक्रवार पेठेच्या अंगाला हातमाग विणकरांच्या एका सोसायटीची दुमजली कचेरी होती. तिथून चिठ्ठी मिळाली की विणकराला ठरल्या भावात सूत मिळे. चिठ्ठी नाही तर सूत नाही, आणि सूत नाही तर माग बंद. त्या सप्टेंबरात एका पावसात शेजारचा नाला कचेरीत घुसला. तळमजल्यावर खुर्चीच्या बैठकीइतकं पाणी दोन दिवस उभं होतं. पाणी ओसरलं, गाळ काढला आणि दारावर पाटी लागली : विजेच्या दुरुस्तीकरिता चिठ्ठ्यांचे काम बंद आहे.

आठ दिवस वाट बघून मी पत्रक काढलं. आमची युवक संघटना म्हणजे पाच जण, एक मागून आणलेलं सायक्लोस्टाइल मशीन आणि माझं अक्षर. मथळा दिला : ‘अंधार कुणाच्या सोयीचा?’ वरच्या मजल्यावर संचालकांच्या दालनात दिवे होते, पंखे फिरत होते. अंधार तेवढा खाली. चिठ्ठ्या बंद राहिल्या की सूत मागल्या दारानं व्यापाऱ्याकडं जातं, असं सगळी पेठ बोलत होती. तो संशय खोटा होता असं मी आजही म्हणत नाही.

वायरमन पन्नाशीचा होता. एका कंत्राटदाराकडं बरीच वर्षं काम करत होता. त्याला सगळे चाचा म्हणत. पत्रक हातात घेऊन त्यानंच मला हाक मारली.

“काय लीडर, ह्या पर्च्यात माझं बी नाव हाय काय?”

“नाव नाही, चाचा. पण आठ दिवस तारा वाळवताय. लुगडंसुद्धा एका दिवसात वाळतं.”

“लुगडं दोरीवर वाळतंय. तार लाकडाच्या पट्टीत कोंडलेली हाय.” त्यानं मेगर म्हणून त्यांचं तारा तपासायचं यंत्र असतं, त्याचा दांडा फिरवून दाखवला. काटा शून्यावरच बसलेला. “भिंत अजून ओली हाय. बत्ती लावली तर भिंतीत करंट उतरंल.”

“मग वर कसं चालतं?”

“वर पानी चढलं नव्हतं. नक्को घाई करू.” मग त्यानं शर्टाचा खिसा थोपटला. वरचं चालू राहावं म्हणून मेन बंद करता येत नव्हता. तो रोज सकाळी खालच्या मजल्याचे चार फ्यूज उपसून खिशात टाकी आणि मगच तारेला हात लावी. “खालची वीज हितं हाय,” तो म्हणाला.

मला वाटलं, कंत्राटदारानं पढवलंय.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मोर्चा नेला. तीस-चाळीस जण, बायकाच जास्त. मॅनेजर सेफ्टी, सेफ्टी म्हणत राहिले. मी विचारलं, “वरच्या पंख्याला सेफ्टी लागत नाही का?” ते चिडून वर निघून गेले.

जिन्याखाली बोर्ड होता. वरच्या रांगेत चिनी मातीचे पांढरे फ्यूज, खालची रांग रिकामी. मी मामाच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये वाढलो. तिथं एका मागाचा फ्यूज गेला की शेजारच्या बंद मागाचा उपसून घालायचा, हे घरातल्या बायकाही करतात. त्यात विचार करण्यासारखं काही असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं.

शिपाई म्हणाला, “ओ, हात नगा लावू. चाचा आत हाय की.”

आत म्हणजे चहा पीत बसला असेल, असं मी धरून चाललो. वरच्या रांगेतला एक फ्यूज उपसला आणि ओरडलो, “संचालकांचा पंखा बंद, विणकरांचा दिवा चालू!” फ्यूज खालच्या खाचेत दाबला. पुढच्या खोलीतला बल्ब खरंच लागला. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या खोलीत शिडी कोसळली.

शिपायानं धावत येऊन फ्यूज ओढला. चाचाचा तळवा भाजला होता, मनगट मोडलं होतं. शिपाई आणि दोघं विणकर त्याला टांग्यातून दवाखान्यात घेऊन गेले. मी गेलो नाही. मी मोर्चा सांभाळला. भेदरलेल्या मॅनेजरनं व्हरांड्यात टेबल टाकलं आणि दुपारी दिवसाउजेडी चिठ्ठ्या सुरू झाल्या. दिवा लागलेला लोकांनी पाहिला होता. त्याचा आतल्या पडण्याशी काय संबंध, हे बहुतेकांना कळलं नाही. मीही कळू दिलं नाही.

मॅनेजरनं अहवाल लिहिला : वायरमनने फ्यूज न काढता काम केले. कंत्राटदारानं चाचाला काढून टाकलं. शिपायानं साहेबाला सांगितलं, “म्या पाणी आणाय गेलो हुतो.” मला बाजूला घेऊन म्हणाला, “तुमचं तुमी बघा.”

सहाव्या दिवशी चाचाच्या घरी गेलो. हात गळ्यात, प्लॅस्टर कोपरापर्यंत.

“चारी फ्यूज खिशातच हुते,” मी बसायच्या आधीच तो म्हणाला. “दवाखान्यात शर्ट कापला तवा निघाले. मग करंट आला कुठनं? माझं कुठं चुकलं तेच सापडंना.”

मी सांगितलं.

तो म्हणाला, “वरचा उपसून खाली घातला. शेडमधली अक्कल.” मग म्हणाला, “लिहून दे.”

मी तिथंच एक पान लिहून त्याला वाचून दाखवलं. ‘व्यवस्थेच्या बेफिकिरीमुळे उद्भवलेल्या परिस्थितीत...’ असं काहीतरी.

“ह्यात तू कुठं हाय?” त्यानं विचारलं. “चार ओळी लिही. तू काय केलंस, मी कुठं हुतो, फ्यूज कुठं हुते.”

चार ओळी लिहिल्या. कंत्राटदारानं वाचून कागद परत दिला. “मला देऊन काय उपयोग? माझी गिऱ्हाइकं पेठेत, बोंब पेठेत झालीय. तिथं लाव, मग ह्याला परत घेतो.” संघटनेतले चौघं म्हणाले, लाव, पण संघटनेचं नाव घालू नकोस. पत्रकं वाटताना मात्र यांना नाव ठळक लागायचं. मी खाली फक्त माझं नाव घातलं.

सकाळी चिठ्ठ्यांची रांग उभी असताना सोसायटीच्या भिंतीवर कागद चिकटवला. रांगेतल्या एका म्हातारीला मराठी वाचता येत नव्हतं. “काय लिहिलंय बाबा?” तिनं विचारलं. वाचायला लागलो. माझं नाव आलं तिथं आवाज हळू केला.

“मोठ्यानं वाच की!” मागून एक बाई ओरडली. “मोर्चात बरा आवाज निघत हुता!”

मी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं.