नथ्थूची साफी

गोंडपिपरीच्या धान गिरणीत पोती वाहणारा नथ्थू विडी सोडल्यापासून गल्लीत मोठा माणूस झाला होता. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत त्यानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. बापाचा खोकला ऐकून ऐकून कंटाळलेल्या उर्वशीनंच ती मागितली होती. त्याची बायको सुगंधाबाई नळावर अभिमानानं सांगायची, "आमच्या घरी आता विडीचा वास नाई येत."

ते खरं होतं. पण त्याच जत्रेत एका साधूनं नथ्थूच्या हाती गांजाची चिलीम दिली होती. नथ्थूच्या लेखी तो महादेवाचा परसाद होता, त्यात तंबाखूचं नाव नव्हतं, म्हणून शपथही शाबूत होती.

"झाडपाला हाय व तो," तो म्हणायचा. "विडीनं छाती जळते. यानं मन थंड होते."

सुगंधाबाईनं वाद घातला नाही. विडीच्या दिवसांत तो वसवसायचा, आता जेवताना हसायचा. तिनंच जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा फाडून त्याला साफी करून दिली. ही साफी ओली करून चिलमीच्या तोंडाशी गुंडाळायची, मग धूर गार होऊन येतो. ती धुवायचं काम तिच्याकडेच आलं. कोणाला दिसू नये म्हणून ती दोरीवर परकराच्या आत वाळत घालायची.

सुरुवातीला डाग चहासारखा फिका होता. पावसाळा येईस्तोवर तो काळपट झाला, बोटांना चिकटू लागला. साबण झाला, सोडा झाला, दगडावर घासून झालं. शेजारच्या ठमाबाईनं कुंपणावरून विचारलं, "काय धुऊन राह्यली व एवढं? रस्त्याचं डांबर पुसलं का नथ्थूभाऊनं?"

"गिरणीचं गिरीस हाय," सुगंधाबाई म्हणाली आणि फडका पाण्याखाली दाबून धरला.

दिवाळीनंतर खोकला परत आला. पोतं घेऊन निघालेला नथ्थू अर्ध्या वाटेत टेकू लागला. एका संध्याकाळी चिलीम ओढून झाल्यावर त्यानं छाती धरली. "धडधडून राह्यलं," एवढंच बोलला. दुसऱ्या दिवशी ती त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.

"विडी ओढता?" डॉक्टरनं विचारलं.

"सोडली जी. पोरीची शपथ हाय."

सुगंधाबाईनं पिशवीतून साफी काढली आणि टेबलावर ठेवली. नथ्थूनं मान फिरवली.

डॉक्टरनं फडका उलटून पाहिला. "गांजा ना? कॅन्सरचं बोलायचं तर विडीइतकी पक्की माहिती गांजाची अजून नाही. पण काहीही जाळलं की डांबर निघतं, दोन्हींतून निघतं. विडीचा धूर तुम्ही लगेच सोडता. हा धरून ठेवता. वरून नाडी पळते, हृदयावर ताण येतो. फडक्यावर राहिलं ते थोडं, भाऊ. बाकीचं आत आहे. दोन्ही बंद करा."

परतताना नथ्थू पुढे चालत होता. मध्येच थांबून म्हणाला, "फडका काऊन दाखवला? आता पोलिसालेबी दाखव."

"तुमची छाती उघडून दाखवता येत नव्हती."

"चिलीम सोडली तर विडी धरीन मी. मंग शपथ मोडते, पोरीले काही झालं तर तूच पाह्य. सांग, कोनतं पायजे?"

उर्वशी नागपूरला नर्सिंग शिकत होती. तिच्या डोक्यावर ठेवलेला तो हात सुगंधाबाईला अजून दिसत होता.

संध्याकाळी तो ओसरीत बसला. त्यानं साफी मागितली, तिनं न धुताच दिली. त्याच्या मागे केर काढताना भिंतीच्या कडेला तेंदूच्या पानाचे तुकडे सापडले, उसवलेले, लाल दोऱ्यासकट. ते तिनं तळहातावर घेतले. विडीची पानं होती, आतला तंबाखू नव्हता.

"हे काय जी?"

"गांजा कोरडा नीट जळत नाई," तो तिच्याकडे न पाहता म्हणाला. "पहिल्यापासून थोडा तंबाखू टाकाच लागते."

पहिल्यापासून. तिनं पानं चुलीत टाकली आणि वांगी चिरायला बसली. ओसरीत नथ्थूनं दम ओढला आणि धरला. सुगंधाबाईची विळी थांबली. धूर बाहेर येईपर्यंत तिच्यानं पुढची फोड होईना. धूर आला, मागोमाग खोकला आला. तिनं फोड केली.

त्यानं पुन्हा ओढला. ती वांगं हातात धरून कान देऊन बसली.