खाकरेबुवा

भूमिका भोयर रागावलेली नाही असा दिवस शोधावा लागला असता. सोसायटीच्या सेक्रेटरीवर, लिफ्टमध्ये लग्नाचं विचारणाऱ्या बायकांवर, नागपुरात मिहानच्या कंपनीत तिच्या टेबलावर कोपर टेकून बोलणाऱ्या साहेबावर, सगळ्यांवर तिचा राग होता. पण हे राग येऊन-जाऊन असत. बापावरचा राग मात्र मुक्कामाला होता, आणि त्याची तिला काडीचीही लाज वाटत नव्हती.

आपलं गाव, पारशिवनी, सोडलं तेव्हा ती विशीत होती, आता चाळिशीला टेकली. विमानं दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या भांडारात ती सुटे भाग तपासते. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर "तुमचं कसं चालू हाय?" असं उलट विचारते, आणि विचारणारी बाई पुढच्या मजल्यावर उतरून जाते.

रविवारी दुपारी मात्र तिच्या घरात भुतं येत. खिडक्यांवर गोधड्या टांगून, जेवणाच्या टेबलावर माइक मांडून ती आणि तिचे तीन दोस्त एक खेळ खेळत आणि त्याचा पॉडकास्ट करत. नाव होतं 'निंबटेकचे पोट्टे'. खेळ सोपा. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणाला काही धाडस करायचं असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर जमलं, लहान आला तर फजिती. गोष्ट भूमिका सांगे. निंबटेक हे नकाशात नसलेलं तालुक्याचं गाव. तिथल्या विहिरीत हडळ, शाळेच्या संडासात मुंजा, आणि या सगळ्यांशी लढायला सहावीतली तीन पोरं. सौरवचा गोलू कुठल्याही भुताला "माया मामा पोलिसात हाय" म्हणून धमकावी. भैरवीची चिंगी भुतांना बोरकुटाची लाच देई. प्रशिकचा भूषण वर्गाचा मॉनिटर. तो चेटकिणीचं नावसुद्धा फळ्यावर 'बडबड करणारे' या यादीत लिहून ठेवी. लोक पोट धरून हसत.

आणि सगळ्यात जास्त हसत ते खाकरेबुवाला. हे भूत कुणाला मारत नाही, झपाटत नाही. ज्या घरातून हसण्याचा आवाज येईल तिथे जातं, उंबरठ्यावर उभं राहतं आणि खाकरतं. आधी लांब घरघर, मग वर "अँह्हम्" असा ठोका. की घरातलं हसू संपलं. ते हसू बुवाच्या झोळीत. भूमिका ते खाकरणं असं हुबेहूब करी की ऐकणाऱ्यांनी त्याची रिंगटोन केली होती. एकदा रसवंतीवर एका पोराने तिला ओळखून समोर खाकरून दाखवलं. ती हसली नाही. उसाचा रस अर्धा टाकून निघून आली.

कारण ते खाकरणं तिचं नव्हतंच. ते रामाजी भोयरांचं होतं, म्हणजे तिच्या बापाचं.

घरात शिरण्याआधी कर्त्या पुरुषाने बाहेरून खाकरायचं, म्हणजे आतल्या बायका पदर सावरतात, उठून आत जातात. ही जुनी रीत. रामाजींनी ती शेवटपर्यंत पाळली. घरात पदर सावरायला बायकोशिवाय कुणी उरलं नव्हतं तरी पाळली. ते कुणाला मारत नसत, शिवीही देत नसत. पण अंगणात ते खाकरले की गोपिकाबाई, म्हणजे भूमिकेची आई, अर्ध्यावर आलेलं हसू गिळून चुलीकडे वळत. भूमिकेने आपल्या आईचं एकही हसू पूर्ण झालेलं पाहिलं नाही.

यावर कडी झाली ती भूमिकेच्या लहानपणी, भुलाबाईच्या दिवसांत. संध्याकाळी पोरी घरोघर जाऊन भुलाबाईची गाणी म्हणत, आणि शेवटी घरची बाई झाकलेला डबा पुढे ठेवी. तो खुळखुळ हलवून आत कोणती खिरापत आहे ते ओळखायचं. त्या वर्षी पहिल्यांदाच भूमिकेच्या घरी पाळी आली. कुणाला म्हणून ओळखता येऊ नयेत अशा चारोळीच्या वड्या आईने केल्या होत्या. पोरी डबा कानाशी हलवत होत्या, चकत होत्या, खिदळत होत्या, आईसुद्धा हसत होती. आणि अंगणातून आवाज आला. घरघर, मग ठोका. पोरी एकेक करून उठल्या. चपला हातात घेऊन मागच्या दाराने निघून गेल्या. डबा बंदच राहिला. दुसऱ्या दिवशी वड्या रामाजींनी खाल्ल्या आणि छान झाल्या म्हणाले. भूमिकेच्या घरी पुन्हा कुणी पोरगी गाणी म्हणायला आली नाही.

आई गेल्यावर भूमिकेने घरातून फक्त तो स्टीलचा डबा उचलला. निंबटेकचा फासा त्याच डब्यात खुळखुळत असे.

तिला काय हवं होतं, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिला सूड नको होता, माफीही नको होती. आपण त्या घरात काय केलं हे त्या माणसाला एकदा, फक्त एकदा, कळावं. खाकरेबुवा त्याच्यासाठीच जन्माला घातला होता. पण रामाजींकडे साधा फोन, आणि पॉडकास्ट म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगावं!

यंदा मोतीबिंदूने ते काम केलं. भावाचा, जितेंद्रचा फोन आला. "ताई, बाबाले नागपूरले आणून राहिलो. ऑपरेशन झालं का थोडे दिवस तुयाकडे ठेव."

"काहून? तुयं घर पडलं काय?"

"इतके वर्सं म्याच ठेवलं नं," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

डोळ्यांच्या डॉक्टरणीने बजावलं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, जोरात खोकायचं-खाकरायचं अजिबात नाही, डोळ्यावर ताण येतो. ते ऐकून भूमिकेला दवाखान्यातच हसू फुटलं. आयुष्यभर जे कुणाला जमलं नाही ते या पोरसवदा डॉक्टरणीने एका वाक्यात केलं.

घरात दोघांचं जमणं शक्यच नव्हतं. "हे घर हाय का धान्याची कोठी? ना अंगण, ना झाडाचं पान," रामाजी काळा चष्मा लावून म्हणत.

"अंगण संग आणाचं होतं तुमी," ती म्हणे.

तिची भाजी त्यांना अळणी लागे, तिच्या पोळ्या जाड. ती डोळ्यांत थेंब टाकी तेव्हा हात जरा जोरातच बसे, आणि ते "अवं!" म्हणत तेव्हा तिला बरं वाटे. पण खरी गंमत दारात होती. खाकरायची मनाई झाल्यापासून रामाजींना खोलीत कसं शिरायचं तेच कळेना. ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहत, कुणी बघेपर्यंत. भूमिका बघे. "या" मात्र म्हणत नसे.

रविवारी सौरव आणि भैरवी आले. सौरव इतवारीत भांड्यांच्या दुकानात बसतो, भैरवी बँकेत आहे. प्रशिकला कंपनीत ड्यूटी लागली होती. "आज त्याच्याविनाच थोडं काही खेळू," सौरव म्हणाला.

"आज भुलाबाईची रात्र खेळू," भूमिका म्हणाली. तो भाग तिने किती दिवस राखून ठेवला होता. भिंतीपलीकडे बाप होता, आणि भिंत पातळ होती. ऐकू दे. खाई त्याला खवखवे. म्हणीवर तिचा पूर्ण भरवसा होता.

माइक लागले तेवढ्यात भैरवीचं लक्ष दाराकडे गेलं. रामाजी चौकटीला धरून उभे. कधीपासून, कोण जाणे. "काका, या ना, बसा. प्रशिकची खुर्ची रिकामीच आहे."

भूमिका नाही म्हणू शकली असती. म्हणाली नाही. भिंतीआडून ऐकण्यापेक्षा समोर बसून ऐकलेलं बरं.

सौरवला तर मजाच वाटली. "काका, तुम्ही आता लहान पोट्टं. नाव सांगा."

"रामू."

"किती वर्षांचा?"

"नऊ असन."

"रामूला काय भारी येते?"

रामाजींनी विचार केला. "लपता येते."

सौरव खो खो हसला. भूमिकेने गोष्ट सुरू केली. चिंगीच्या घरी भुलाबाई मांडली आहे, पोरी जमल्या आहेत, गाणी झाली, खिरापतीचा डबा पुढे आला. तिने खरा डबा टेबलावरून बापाकडे सरकवला. "वळख रामू, काय हाय यात?"

रामाजींनी डबा कानाशी नेला. आतला फासा खुळखुळला. "चारोळीच्या वड्या," ते लगेच म्हणाले. "गोपिका करे. लय झ्याक करे."

वड्या लक्षात होत्या! भूमिकेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने माइक जवळ ओढला, आवाज खाली आणला. "अन् तेवढ्यात बाहेर अंगणात..." आणि ती खाकरली. घरघर, मग ठोका.

रामाजींनी पाय खुर्चीवर ओढून घेतले. मान खांद्यांत गेली, डबा छातीशी गेला. "चिमनी इजवा," ते कुजबुजले. "पयले चिमनी इजवा."

सौरवला वाटलं म्हातारा काय झकास अभिनय करतो. त्याने अंगठा वर केला. भूमिकेला माहीत होतं की या माणसाला अभिनय येत नाही. आता कळलं, तिला वाटलं. आता बोलेल.

रामाजींनी हळूहळू पाय खाली सोडले. इकडेतिकडे पाहिलं आणि हसायला लागले. "अस्सल! हा तं माया बाप! अस्साच खाकरे बुढा. आमी चिमनी इजवून अंधारात कोठीच्या मांगं जाऊन बसो. भूमे, तुले कसं जमलं वं? तू तं त्याले पाह्यलं बी नाई."

"मी तुमाले पाह्यलं," भूमिका म्हणाली. "तो खाकरेबुवा तुमी आहा, बाबा. तुमच्या बापाले नाई, लोकं तुमाले हासून राहिले."

"मी?" रामाजींना खरंच कळेना. "मी काय त्याच्यावानी होतो काय? त्याच्या हातात छडी राहे. म्या कोनाले बोट नाई लावलं. मी तं सांगासाठी खाकरे, का बाप्पा येऊन राहिलो, सावरून बसा."

"अन् भुलाबाईच्या पोरी उठून गेल्या ते?"

"कोनत्या पोरी?" त्यांनी आठवून पाहिलं. आठवलं नाही. "गेल्या असतीन तं गेल्या. मी काय हाकललं काय त्याईले?"

सौरव आणि भैरवी एकमेकांकडे बघत होते. माइक चालूच होते. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण इथे खाणाऱ्याला खवखव नव्हतीच. त्याच्या मते खाल्लं होतं त्याच्या बापाने, आणि तो बिचारा कोठीमागचा रामू. तिचं भूतसुद्धा त्याने स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं.

"पुढं सांग नं," रामाजी म्हणाले. त्यांना आता खेळाची चटक लागली होती. "रामू आज लपत नाई. रामू दारात जाते अन् बुढ्याले म्हनते, जाय वापस! डबा हालवाचा नं आता?"

"हो काका, हलवा! वीस आले तर बुवा खल्लास!" सौरवला राहवेना.

रामाजी डबा हलवू लागले. दोन्ही हातांनी, खांदे उडवत, आणि हसत. चष्मा घसरला, भैरवीने तो सावरून दिला, तीही हसली. रामाजींचं हसू मोठं, मोकळं, दातपडकं होतं. भूमिकेने ते जन्मात ऐकलं नव्हतं. ते हसू चांगलं होतं, आणि हेच तिला सहन झालं नाही. आईला ते मिळालं नाही, तिला मिळालं नाही, आणि आज ते आल्या-गेल्याला फुकट वाटलं जात होतं.

ती खाकरली.

गोष्टीत त्या जागी खाकरणं नव्हतं. तिने माइकही ओढला नाही. पण या वेळचं खाकरणं आधीच्याहून चांगलं झालं.

डबा थांबला. हसू कुठे गेलं ते दिसलंसुद्धा नाही. रामाजींनी झाकण न उघडता डबा टेबलावर ठेवला, भिंत चाचपत उठले आणि आतल्या खोलीत गेले. दार त्यांनी हळूच लावलं.

सौरवने माइक बंद केला आणि वायर गुंडाळायला घेतली. भैरवी खाली मान घालून पर्स शोधू लागली. पर्स तिच्या खांद्यालाच होती.

"कुठं चालले?" भूमिका म्हणाली. "फासा पाह्याचा हाय अजून. खेळ अर्धा राहिला."

"नको गं, उशीर झाला," भैरवी म्हणाली. गोधड्यांच्या फटीतून बाहेरचं लख्ख ऊन दिसत होतं.

दोघं दाराशी गेली. चपला पायात न घालता, हातात घेऊन, आवाज न करता त्यांनी कडी काढली.

"अरे, बसा नं!" भूमिकेचा आवाज चढला. "मी काय हाकललं काय तुमाले?"