दुसऱ्या दंडाची पट्टी

पाऱ्याचं जुनं बीपीचं यंत्र काल पुसायला काढलं आणि अंथुर्ण्याचे ते आबा आठवले. नव्वदनंतरची पहिली काही वर्षं. इंदापुरात माझा दवाखाना नवा होता. वांग्याच्या वाफ्यात खुरपताना आबांच्या पाठीत एकदम कळ आली होती. घरच्यांना वाटलं, उसण भरली. सून पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेली. अशा माणसाचा पाय लागला की उसण उतरते म्हणतात, म्हणून तिनं पाठीवर पाय लावला, कळ थोडी कमी झाली आणि आबा एसटीनं बायकोबरोबर आले. पायाळूचं ऐकून मी मोठ्यानं हसलो. डाव्या दंडाला पट्टी बांधली, बीपी नॉर्मल आलं. उसणीचंच इंजेक्शन भरायला घेतलं, तेवढ्यात आबांची बाही खाली करणारी बायको म्हणाली, "डाक्टर, ह्यो हात गार पडलाय. एसटीतनं उतरवताना दुसरा धरला हुता, त्यो गरम हाय." मी दोन्ही हातांची नाडी पाहिली, डावी उजवीपेक्षा क्षीण लागत होती. उजव्या दंडाला पट्टी बांधली, तर पारा दोनशेच्या वर गेला. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आतून फाटली की असं होऊ शकतं, हे मी फक्त पुस्तकात वाचलं होतं. बीपी उतरवायचं औषध देऊन जीपनं त्यांना पुण्याला पाठवलं. ऑपरेशन झालं, आबा वाचले. आजही मी दुसऱ्या दंडाला पट्टी बांधायला लागलो की पेशंट म्हणतात, "एका हाताचं पुरं की." मी बांधतोच. त्या दिवशी सुनेचं आणि माझं निदान एकच होतं. फरक एवढाच, की मी डॉक्टर होतो.