कोरियातली गोफण

कोरियात पहाऱ्यावर असताना मी गोफण फिरवली. सरकारने हातात काठी दिली होती, गळ्यात शिट्टी दिली होती आणि काहीही झालं तरी उलटा हात करायचा नाही असा हुकूम दिला होता. गोफण त्यात कुठेच नव्हती. ती माझी भर.

गोफण म्हणजे आमच्या खालापुराकडे काही हत्यार नव्हे. भात दाण्यावर आलं की पोपटांचे थवे उतरतात. मग शेतात माळा बांधायचा, त्यावर बसायचं, गोफणीत ढेकूळ घालून फिरवायची आणि 'हाऽऽ हुर्रेऽ' करून ओरडायचं. ढेकूळ कुठं का पडेना, पोपट उडाले की झालं. माझं सगळं बालपण या राखणीत गेलं आणि नेम धरायची गरज मला कधी पडली नाही. हे पुढे महागात पडलं.

पलटणीत गेल्यावर बेळगावात आम्हाला माणूस मारायला शिकवलं. गवताने भरलेली पोती टांगलेली असत. संगीन लावायची, किंचाळत धावायचं, भोसकायचं, पिळून बाहेर काढायची. मी पहिल्या दिवशी पोत्याला चुकवून खांबाला भोसकलं आणि संगीन खांबातच राहिली. शिकवणारे हवालदार शांतपणे म्हणाले, "शाबास. खांब मेला. आता पोतं तुला मारील, त्याचं काय?"

हे हवालदार म्हणजे आमच्याच मुलखातले. ठाकुरवाडीच्या घाटाखाली त्यांचं गाव. ब्रह्मदेशात जपान्यांशी लढून आलेला माणूस. चारचौघांत आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो, एकटे असलो की मी दादा म्हणायचो. पुढे तेच माझ्या तुकडीचे हवालदार झाले. त्यांची जमादारी, म्हणजे हवालदाराच्या वरची जागा, जवळ आली होती. वरून शब्द मिळाला होता, फक्त हुकूम निघायचा होता. त्यांनी तो शब्द घरी कळवला आणि गावाला तेवढं पुरलं. पाणवठ्यावर बायका त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, आतापासूनच 'जमादारीण' म्हणू लागल्या होत्या.

तर त्रेपन्न साली कोरियातली लढाई थांबली होती, पण कैद्यांचा घोळ सुटला नव्हता. उत्तर कोरियाचे आणि चीनचे हजारो कैदी आपल्या कम्युनिस्ट मुलखात परत जायला तयार नव्हते. त्यांचा निकाल लागेपर्यंत त्यांना सांभाळायला तिऱ्हाईत कुणीतरी हवं, म्हणून आम्हाला पाठवलं. दक्षिण कोरियाच्या सरकारला आम्ही नको होतो. आमच्या बुटांचा स्पर्श त्यांच्या मातीला होऊ द्यायचा नाही, म्हणून आम्हाला बोटीवरून थेट हेलिकॉप्टरात घातलं आणि दोन्ही कोरियांच्या मधल्या पट्ट्यात नेऊन सोडलं. मी वाटेत ओकलो. दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून टोपीत ओकलो. खाली उतरल्यावर समोर साहेब उभे दिसले आणि सॅल्यूट ठोकायच्या घाईत मी तीच टोपी डोक्यावर घातली. हिंदुस्थानच्या सैन्याचं कोरियात असं आगमन झालं.

दगड दुसऱ्या दिवसापासून सुरू झाले. तारेच्या आत कैदी, बाहेर आम्ही. ते गाणी म्हणायचे, झेंडे नाचवायचे आणि मग दगड. आमच्याकडे काठ्या. नऊ महिने पोतं भोसकायला शिकवलं आणि इथे सांगितलं, पोतं व्हा. मला आजही त्या हुकमाचा राग येतो. शांतता राखायला आमची हरकत नव्हती. पण शांतता राखायला संगिनीचं शिक्षण देऊन कोण पाठवतं?

त्याहून राग येतो तो वर्तमानपत्रांचा. दक्षिणेकडची वर्तमानपत्रं सकाळी छावणीत यायची. दुभाष्या ती साहेबांना इंग्रजीत सांगायचा, साहेबांचा कारकून आम्हाला हिंदीत सांगायचा आणि उरलेलं आम्ही मराठीत शिव्या घालून पुरं करायचो. त्यांच्या मते आम्ही कम्युनिस्टांचे भाडोत्री. आम्ही कैद्यांना मारतो. आम्ही त्यांना चोरून पलीकडच्यांच्या हवाली करतो. आणि आम्ही म्हणे त्यांचा तांदूळ खातो. अरे, तो तुमचा चिकट भात! ताटलीतून उचलला तर ताटलीसकट वर येतो. कर्जतच्या भातावर वाढलेला माणूस तो चोरून खाईल? मारल्याचा आळ मी एक वेळ सोसला असता. तो तांदळाचा आळ मला आजही सोसवत नाही.

त्यांचा देश जळून गेला होता, हे मलाही दिसत होतं. ते कैदी त्यांना आपले वाटत होते आणि आम्ही त्यांच्या माणसांवरचे तुरुंगवाले. इथवर मला कळतं. पण जळलेल्या माणसाने खोटं छापावं का? आणि तेही फोटोसकट?

फोटो माझा होता.

वेळ जाईना म्हणून मी तंबूच्या दोरीची गोफण वळली होती. तंबूमागे रिकामा डबा ठेवून आम्ही नेम धरायचो. म्हणजे बाकीचे नेम धरायचे, मी गोफण फिरवायचो. हवालदारांनीही एकदा फिरवून पाहिली. पहिल्याच खड्याला डबा उडाला. ते हसले आणि म्हणाले, "पहाऱ्यावर आणशील तर कातडी सोलीन."

मी पहाऱ्यावर आणली. दुष्ट हेतू नव्हता, पट्ट्याखाली गुंडाळून ठेवलेली राहून गेली. त्या दिवशी दगडांचा मारा नेहमीपेक्षा जोरात होता. हवालदार फाटकापाशी आमच्यापुढे उभे होते, हात मागे बांधून, हुकमाप्रमाणे. एक दगड त्यांच्या भुवईवर बसला. ते खाली बसले. बोटांमधून रक्त येताना दिसलं आणि मग माझ्या हातांनी मला काही विचारलं नाही. पायाशी पडलेला दगड उचलला, पट्ट्याखालची गोफण सोडवली, फिरवली आणि तोंडातून आपसूक निघालं, "हाऽऽ हुर्रेऽऽ!" ब्रह्मदेश गाजवलेल्या माणसाचा सूड घेताना मी पोपट हाकत होतो.

दगड कुणालाच लागला नाही. कैद्यांच्या स्वयंपाकाच्या भल्या थोरल्या कढईवर आदळला. देवळातल्या घंटेसारखा नाद झाला आणि सगळी छावणी दोन क्षण गप्प झाली.

तेवढ्या दोन क्षणांत, माझा हात अजून वर असताना, दक्षिणेकडच्या एका बातमीदाराने फोटो काढला. तो सकाळपासून तिथे उभा होता. शंभर दगड आमच्या अंगावर आले तेव्हा त्याचा कॅमेरा झोपला होता का? दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मी. हात वर, जबडा उघडा, डोळे फिरलेले. खाली काय लिहिलं होतं ते कारकुनाने सांगितलं: हिंदी पहारेकरी निःशस्त्र कैद्यांना दगडांनी ठेचतो. आणि माझ्या डाव्या हाताला, दोन पावलांवर, रक्ताने भरलेला चेहरा धरून हवालदार बसले होते. त्यांना फोटोतून कापून टाकलं होतं. कुणीतरी टेबलाशी बसून, चहा पीत, कात्रीने त्यांचं रक्त बाजूला काढलं. त्या कात्रीवाल्याचं तोंड मला एकदा बघायचं होतं. अजून बघायचं आहे.

चौकशी आमच्या कॅप्टनपुढे झाली. टेबलावर ते वर्तमानपत्र. त्यातलं एक अक्षर आमच्यापैकी कुणाला वाचता येत नव्हतं, पण त्या अक्षरांपुढे आमच्या साहेबांना आमचा शब्द हलका वाटत होता. वरून विचारणा आली होती, नाव हवं होतं. हवालदार डोक्याला पट्टी बांधून सावधान उभे.

"ही काय चीज आहे?" कॅप्टनसाहेबांनी गोफण चिमटीत धरून विचारलं.

इथे मी "माझी आहे, चूक झाली" म्हणून गप्प बसतो तर शिक्षा माझ्यापुरती राहती. पण मला वाटलं, हे हत्यार नव्हे, पोरखेळ आहे, एवढं साहेबांना पटवलं की प्रकरण मिटेल. मी म्हणालो, "साहेब, हे खेळणं आहे. आमच्याकडे पोरंसोरं पोपट हाकतात. विचारा हवालदारसाहेबांना. त्यांनी स्वतः फिरवून बघितलीय. डबा उडवला त्यांनी. फार सुंदर नेम आहे साहेब त्यांचा!"

साहेबांनी माझ्याकडे बघणं सोडलं. हवालदारांकडे बघितलं.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"जी साहेब," हवालदार म्हणाले.

मला पाठीवर ओझं घेऊन उन्हात पळायची शिक्षा झाली. हवालदारांची जमादारी थांबली. थांबली म्हणजे गेली, ती परत आली नाही.

बाहेर आल्यावर मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "दादा, मी तुमाला वाचवाया गेलो."

"ते दिसलं," ते म्हणाले. "कढईच्या वेळी पण तू माझ्यासाटीच मारलास. तुला राखणीला बसवला तर पोपट शेताबरोबर माळा पण खातील रं."

परत आलो तेव्हा कर्जत स्टेशनात हार होते. तिथल्या एका साप्ताहिकाचे गृहस्थ भिसेगावात राहत. त्यांनी मोठ्या उत्साहाने विचारलं, "मग, किती मारले?"

"एकही नाही," मी म्हणालो.

"अरेरे," म्हणाले आणि पेनला टोपण लावलं. हवालदारांच्या भुवईवरची खोक समोर दिसत होती, तिच्याविषयी त्यांनी काही विचारलं नाही. तिथे खोटं पहिल्या पानावर आणि इथे खऱ्याला आतल्या पानातही जागा नाही. मी हार काढून त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घातला.

हवालदार हवालदार म्हणूनच घरी आले. पाणवठ्यावर बायका वहिनींना 'जमादारीण' म्हणतच राहिल्या, फक्त आता म्हणताना एकमेकींकडे बघू लागल्या. वहिनींनी त्या पाणवठ्यावर जाणं सोडलं. लांबच्या विहिरीवरून त्या पाणी आणायच्या. हे मला कळलं त्या वर्षी होळीपुढे मी कोरियाच्या पेपरवाल्याच्या नावानं बोंब मारली. शिमग्याला ज्याचा राग त्याच्या नावानं बोंब मारायची आमच्यात मुभा असते. कुणी सावकाराच्या नावानं मारतो, कुणी तलाठ्याच्या. माझी ऐकून लोक विचारू लागले, हा कोरिया कुठल्या गावचा? तरी दर वर्षी मीच पहिली मारायचो. दुसऱ्या दिवशी धुळवडीला हवालदारांकडे जेवायला जायचो आणि राहिलेला राग तिथे काढायचो.

असाच एका धुळवडीला बसलो होतो. हवालदार ओटीवर पावट्याच्या शेंगा सोलत होते. केस पांढरे झाले होते, भुवई तशीच तुटलेली. मी कात्रीवाल्यापासून सुरुवात केली. मग बातमीदार, मग दुभाष्या, मग कॅप्टन, मग तांदूळ. आवाज चढत गेला. शेजारची माणसं येऊन उभी राहिली, तेव्हा तर मला जोर चढला. फोटोत माझा हात कसा होता ते उभं राहून करून दाखवलं. गोफण फिरवली. 'हाऽऽ हुर्रेऽ' पण केलं. माणसं हसली. "आन् मग मी सायबाला काय सांगितलं," म्हणून डब्याचा आणि नेमाचा भागही सांगितला. माणसं आणखी हसली. हवालदार मान खाली घालून शेंगा सोलत राहिले.

वहिनी माझं ताट घेऊन बाहेर आल्या. ताट त्यांनी माझ्यापुढे जरा जोरातच ठेवलं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "त्या मेल्या कोरियावाल्यानं यकदाच छापलं. तुमी दर सालाला येऊन छापता. जेवा आन् जा."