रुसलेला गाल

साधं एक बोट हलवायचं म्हटलं तरी अंगाच्या आत केवढी धावपळ उडते, हे एकदा कळल्यावर त्या आनंदात ज्याला जन्मभर दुसरं काही सुचलंच नाही, असा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या पदरात पडला. हे माझे थोरले भाऊजी घाटंजीच्या शाळेत शरीरशास्त्र शिकवत. शाळा अकराला भरे आणि पाचला सुटे, पण भाऊजी सकाळी डोळा उघडल्यापासून सुरू. डोळा उघडला हीच त्यांच्या लेखी दिवसाची पहिली मोठी बातमी. पापणीच्या स्नायूला निरोप कुठून निघाला, कोणत्या वाटेने आला, हे ताईला ऐकवल्याशिवाय ते चूळसुद्धा भरत नसत. ताई म्हणायची, "मले आधी चूल पेटवू द्या, मग ऐकीन तुमची पापणी." भाऊजी चुलीजवळ जाऊन बसत आणि तिने काडी पेटवली की तिच्या अंगठ्याचं कौतुक सुरू करत. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, हे तिला शेवटपर्यंत जमलं नाही.

अंगाने भाऊजी म्हणजे पऱ्हाटी. कापूस वेचून झाला की शेतात जी वाळकी काडी उभी राहते ना, तीच. स्नायूंवर एवढा जीव टाकणाऱ्या माणसाला स्वतःचे स्नायू देताना देवाने हात चांगलाच आखडता घेतला होता. पण त्यांना त्याचं काही नव्हतं. जिनिंगच्या आवारात हमाल कापसाचे बोजे उचलायला लागले की हे रस्त्यात थांबून "वा, वा" करत, जणू कोणी गवई तान घेतोय. हमालांना वाटे, मास्तरला उन्हाचं काही झालं.

आमचा जिल्हा तेव्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला होता आणि जो तो त्यावरच बोलत होता. भाऊजींचं मत एवढंच, की राज्य कोणतंही असो, गुडघ्याच्या वाटीखाली टिचकी मारली की पाय उडणारच. हे मत ते पाहुण्यांवर सिद्ध करून दाखवत. खुर्ची मुद्दाम उंच ठेवलेली, पाहुण्याचे पाय लोंबकळत असायचे, आणि गप्पा रंगात आल्या की भाऊजी हळूच लाटणं काढायचे. एकदा तहसील कचेरीतले बडे बाबू आले होते. त्यांचा पाय असा काही उडाला की चप्पल सुटून समोरच्या चिवड्याच्या ताटात पडली. भाऊजींना आनंद आवरेना. म्हणाले, "पाहा बाबूसाहेब, मेंदूला विचारलंसुद्धा नाही! सगळा कारभार खालच्या खालीच उरकला." बाबूंनी हे आपल्या कचेरीबद्दल घेतलं आणि चहा न पिता निघून गेले. ताईने नंतर सगळा चिवडा गाईला घातला.

पुढे नागपूरच्या कुठल्याशा वाचनालयात त्यांनी वाचलं की स्नायू आखडतो तेव्हा आतले धागे आखूड होतच नाहीत, ते एकमेकांच्या मधून सरकतात. झालं. दोन फण्या घेऊन, त्यांचे दात एकमेकांत घालून ते गावभर फिरायला लागले. फण्या सरकवायच्या, लांबी कमी झाली की समोरच्याला विचारायचं, "दात झिजले का? नाही ना?" त्या दिवसापासून ताईच्या घरात फणी म्हणून कोणाच्या केसाला मिळाली नाही. पण फण्या सरकवतं कोण, हा प्रश्न उरलाच. त्याचं उत्तर त्यांना विहिरीवर सापडलं. बाया बादली ओढत होत्या, आणि भाऊजी काठावर उभे राहून त्यांच्या हातांकडे टक लावून बघत होते. हाताने दोर धरायचा, ओढायचा, सोडायचा, पुढे धरायचा. दोर आखूड होत नाही, तरी बादली वर येते. अगदी असेच बारीक बारीक हात स्नायूच्या धाग्याला असतात म्हणे. हे सगळं त्या बायांना सांगायचं राहिलं आणि नुसतं बघणंच झालं, त्यामुळे त्या संध्याकाळी ताईच्या दारात चार जणी पदर खोचून उभ्या. ताईने त्यांना फण्या दाखवल्या तेव्हा कुठे त्या हसत घरी गेल्या.

तर असे हे भाऊजी, आणि माझं स्थळ यांनीच आणलेलं. लोक जावयाची शेती बघतात, घराणं बघतात. भाऊजींनी पाहिलं ते एवढंच, की मुलगा पांढरकवड्याच्या पोस्टात तारबाबू आहे. "निरोप कसा जातो हे ज्याला कळतं, त्याला बायको कळायला वेळ लागणार नाही," असं त्यांनी माझ्या वडिलांना सांगितलं. मुलाचे वडील बोरी अरबचे शेतकरी, तालेवार आणि भारी देवभोळे. साक्षगंध झालं, लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलं. मी मनातून खूश होते. मुलगा फारसा बोलला नव्हता, पण माझ्याकडे पाहून बोटांनी मांडीवर टकटक करत होता, ते मला आवडलं होतं.

आणि पोळा झाल्यावर एका सकाळी मी चूळ भरायला गेले, तर पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून खाली. आरशात पाहिलं तर उजवा गाल माझाच होता, आणि डावा असा रुसून बसलेला, की त्याचा आणि माझा काही संबंध नाही. डावा डोळा मिटेना. हसायला गेले तर तोंड सगळं उजव्या कानाकडे पळालं. माय एवढी घाबरली की तिने मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकताना हात भाजून घेतला. शेजारणी म्हणाल्या, वारं लागलं. वडील पंचांग काढून लग्नाला उरलेले दिवस मोजत बसले, आणि तेच मला जास्त लागलं. लग्न तोंडावर आलेलं आणि तोंडच वाकडं. हे मोडलं तर वाकड्या तोंडाच्या पोरीला पुन्हा कोण विचारणार, हे कोणी मला सांगायची गरज नव्हती.

भाऊजी दोन गल्ल्यांपलीकडून अनवाणी धावत आले. माझा गाल त्यांनी बोटाने दाबून पाहिला आणि त्यांचा चेहरा असा फुलला की ताईने सगळ्यांदेखत त्यांच्या पाठीत धपका घातला. "ते रडून राह्यली आन् तुम्हाले हसू येते?" भाऊजी म्हणाले, अगं, गाल शाबूत आहे म्हणून हसतो. मग तिथेच बैठक मारून सांगायला लागले. कानामागून एक नस निघते, हाडातल्या चिंचोळ्या बोळातून गालापर्यंत येते. ती सुजली, बोळात अडकली. निरोप मागेच थांबला. गाल बिचारा निरोपाची वाट बघत बसलाय. एरवी ती नससुद्धा गालाला थेट शिवत नाही, मध्ये बारीकशी फट असते. ताई कुंपणावरून शेजारणीला वाटीभर साखर देते ना, तशी नस त्या फटीतून थेंबभर रस पलीकडे देते, आणि मग ते विहिरीवरचे सगळे हात ओढायला लागतात. "साखर यायची थांबली आहे, शेजारीण मेली नाही," असं ते म्हणाले, आणि का कोण जाणे, त्या दिवशी पहिल्यांदा मला धीर आला. सरकारी दवाखान्यातले डॉक्टरही तेच म्हणाले, फक्त दोन शब्दांत. थांबा, येईल. झोपताना डोळ्यावर स्वच्छ कापड बांधा.

नस आपली आपण जागी होईल, पण तोवर गालाला आळसाची सवय लागू द्यायची नाही, असं भाऊजींनी ठरवलं. भाऊजींची शाळा सुटली की रोज संध्याकाळी ताईच्या मागच्या खोलीत आरसा घेऊन माझी शाळा भरायची. भुवई उचला, गाल फुगवा, दात दाखवा, आणि शेवटी शीळ घाला. लग्न ठरलेल्या पोरीने शीळ घालायची! मायने कानांवर हात ठेवले. पण खरी पंचाईत वेगळीच होती. शीळ भाऊजींनाच येत नव्हती. ओठांचा कोणता स्नायू कसा गोल होतो हे ते फळ्यावर काढून दाखवत, पण त्यांच्या तोंडून निघे ते "फुस्स", आणि माझ्या तोंडूनही "फुस्स". आम्ही दोघं समोरासमोर बसून फुसफुसत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून अशी खणखणीत शीळ आली की खिडकीतली चिमणी उडाली. ताई. लहानपणी जोंधळ्यावरचे पोपट उडवायला शिकली होती म्हणे. भाऊजी तिच्याकडे बघतच राहिले. एवढा संसार झाला, आणि ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. त्या दिवसापासून आमच्या शाळेला नवी मास्तरीण मिळाली.

इकडे मायने भलताच उद्योग करून ठेवला होता. बोरी अरबकडे जाणाऱ्या एका नातलगाबरोबर तिने निरोप धाडला, की मुलीने चातुर्मासाचं मौन धरलंय, कोणाला भेटत नाही, बोलत नाही. तिला वाटलं, तोंड लपेल आणि वेळ निघून जाईल. पण सासरे पडले देवभोळे. एवढ्या कोवळ्या वयात एवढं कडक व्रत! त्यांना राहवेना. बाजाराच्या दिवशी नारळ आणि केळी घेऊन ते सुनेला भेटायला दत्त म्हणून हजर. मी ताईकडे आहे हे कळल्यावर तिकडेच आले. मागून माय धापा टाकत. ओसरीवर भाऊजींनी त्यांना बसवलं. मी आत, मला यातलं काही माहीत नाही. मी आपली आरशासमोर ओठ गोल करून बसलेली, आणि तेवढ्यात, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, माझा डावा ओठ हलला आणि शीळ वाजली. लांब, सरळ, अगदी ओसरीपार.

सासरे म्हणाले, "मास्तर, सूनबाईचं तं मौन हाय म्हने." माय घाईघाईने म्हणाली, ती मोठी, मोठीला खोड आहे. नेमकी तेव्हाच मोठी पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. आता सगळे भाऊजींकडे बघायला लागले. मी दाराआड आले होते. भाऊजींनी काहीही सांगितलं असतं तर खपलं असतं. पण खोटं बोलायला लागतो तो स्नायू त्यांच्याजवळ नव्हताच.

"मौन नाही. तिचं तोंड वाकडं झालं आहे," ते म्हणाले. "शीळ तिचीच. आजच आली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कानामागचा बोळ, साखरेची वाटी, फण्या, विहिरीचा दोर. म्हातारा हातातला नारळ फिरवत ऐकत होता. शेवटी त्याने एवढंच विचारलं, पुरतं बरं होईल का. आमच्या सगळ्यांचा जीव भाऊजींच्या ओठांवर. नुसतं हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? भाऊजी म्हणाले, "बहुतेक होईल. थोडं राहीलही. खात्री मी देत नाही." माय कपाळाला हात लावून खाली बसली.

सासऱ्यांनी मला बाहेर बोलावलं. तोंडावरचा पदर बाजूला कर म्हणाले. मी केला, आणि भीतीने म्हणा, लाजेने म्हणा, हसले. जसं येत होतं तसं, वाकडं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि मग मायकडे वळून म्हणाले, "बाई, साक्षगंध झालं तवाच हे पोरगी आमची झाली. तिचं दुखनं आमच्यापासून लपवाचं काहून? मौनाचं खोटं मले नाई चालत. शिट्टी चालते." नारळ त्यांनी माझ्या ओटीत ठेवला. भाऊजी आनंदाने उठले आणि लाटणं शोधायला आत गेले, पण ताईने ते आधीच लपवून ठेवलं होतं.

लग्न ठरल्या वेळी झालं. गाल तोवर बराच सरळ आला होता. पण उन्हाळा लागता लागता एक नवीनच खोड सुरू झाली. मी हसले की डावा डोळा आपोआप मिटायचा. भाऊजींना कळलं तसे ते सुट्टीत आरसा घेऊन पांढरकवड्याला आले. नस पुन्हा वाढताना काही धागे वाट चुकले, ओठाचे डोळ्याच्या घरात शिरले, असं त्यांनी समजावलं, आणि समजावता समजावता त्यांचा आवाज खाली गेला. माझ्या हातून एवढं राहिलं, म्हणाले. मी त्यांना इतकं उतरलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते मला पुन्हा आरशासमोर बसवायला लागले, तेव्हा माझे मालक, जे दिवसाला चार वाक्यं बोलत, ते नुकतेच कचेरीतून येऊन चपला काढत होते.

"भाऊजी, तेवढं राहू द्या," ते म्हणाले. "दिवसभर मी दुसऱ्यांच्याच तारा घेत असतो. घरी आलो की हिचा डोळा मिटतो, ती एक तार माझी असते."

भाऊजींनी आरसा फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला. डोळे पुसले, आणि अश्रूंच्या ग्रंथीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. नुसता चहा मागितला.

आता तिघंही नाहीत, ना सासरे, ना मालक, ना भाऊजी. भाऊजी गेले त्या दिवशी मी घाटंजीला पोचले तेव्हा ताई त्यांच्या उशाशी बसली होती. तिने मला पाहिलं, आणि मला जे रडू फुटलं ते काही केल्या थांबेना. बऱ्याच वेळाने ताईने माझी हनुवटी धरून माझा चेहरा उजेडाकडे वळवला आणि नीट पाहिला. म्हणाली, दोन्ही बाजू सारख्या हलून राह्यल्या गं. हे पाहाले ते पाह्यजे होते.